तो व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा का होता? अणुवीज केंद्रं चालवणाऱ्यांना एका निवृत्त अभियंत्याचं खुलं पत्र

अणुवीज केंद्रांचे संचालक, तांत्रिक विभागांचे प्रमुख आणि (मुद्दाम वेगळं लिहितो) मनुष्यबळ विभागातली सर्व मंडळी यांस,

स. न. वि. वि.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्याच केंद्रातला मुलगा, माझ्या हाताखाली तयार झालेला. "सर, झोपला नव्हतात ना? एक विचारायचं होतं. सहायक वाफेच्या लाइनवरचा तो ड्रेन व्हॉल्व्ह आपण पाव फेरा उघडा का ठेवायचो?"

मी म्हटलं, "का रे, काय झालं?" पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. काय झालं असेल ते मला तेवढ्यानंच कळलं.

केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार कुठेही घडला असता. तो व्हॉल्व्ह वीस वर्षांपूर्वी मीच उघडला होता. रात्रपाळी होती. टर्बाइनच्या बाजूला फेरी मारताना एका पाइपातून ठक ठक असा आवाज येत होता, कुणी आतून हातोडी मारावी तसा. वाफेच्या लाइनमध्ये पाणी साचलं की वाफ ते पाणी ढकलत नेते आणि वळणावर आपटते. त्यालाच आम्ही वॉटर हॅमर म्हणतो. पाइपाचा एक आधार किंचित खचला होता, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये सरळ दिसणारी लाइन प्रत्यक्षात मधे झोळ खाऊन होती आणि पाणी झोळात जमत होतं. पाणी काढून टाकणारा ट्रॅप होता पुढे, चढावर. मी झोळाजवळचा ड्रेन व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला. दोन मिनिटांत आवाज थांबला. लॉगबुकात लिहिलं, "ड्रेन व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा ठेवला. ठोके बंद." खाली सही केली आणि चहा प्यायला गेलो.

आधार दुरुस्त करायचं राहून गेलं. पाव फेरा मात्र टिकला. पाळीमागून पाळी, "तो तसाच असतो" एवढ्या तोंडी शब्दावर तो टिकला. मी निवृत्त झालो. त्यानंतरच्या आउटेजमध्ये, म्हणजे देखभालीसाठी भट्टी बंद ठेवतात त्या काळात, सगळे व्हॉल्व्ह ड्रॉइंगशी ताडून पाहण्याची मोहीम निघाली. एका तरुण अभियंत्याला हा व्हॉल्व्ह उघडा सापडला, ड्रॉइंगमध्ये तो बंद होता, त्यानं बंद केला. बरोबरच केलं. कागदावर कारण नसलेला उघडा व्हॉल्व्ह दिसला की तो बंद करायचा, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. भट्टी पुन्हा सुरू करताना त्या लाइनमध्ये वाफ सोडली आणि असा दणका बसला की पाइपाचे दोन टांगते आधार तुटले आणि लॅगिंगचा (पाइपावरच्या उष्णतारोधक वेष्टणाचा) पत्रा खालच्या वाटेवर येऊन पडला. सुदैवानं त्या वाटेवर त्या वेळी कुणी नव्हतं. भट्टीला काही झालं नाही, किरणोत्साराशी या लाइनचा संबंधही नव्हता. पण फील्ड ऑपरेटर पाच मिनिटं आधी तिथूनच गेला होता.

चूक कुणाची, याचा विचार मी बरेच दिवस केला. उत्तर दर वेळी माझ्या त्या दोन वाक्यांपाशी येऊन थांबायचं. काय केलं ते मी लिहिलं होतं. का केलं ते लिहिलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं, आणि डोकं घेऊन मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा कुणी अडवलं नाही.

अडवलं नाही असं तरी कसं म्हणू? शेवटच्या आठवड्यात ना-देय प्रमाणपत्रासाठी मी अकरा सह्या गोळा केल्या. ग्रंथालय, भांडार, सुरक्षा, लेखा, क्रीडा मंडळसुद्धा. बॅडमिंटनची एक रॅकेट माझ्या नावावर होती म्हणे. किरणोत्साराचा डोस मोजणारा टीएलडी बॅज परत घेतला, हेल्मेट परत घेतलं, ओळखपत्राला भोक पाडलं. शेवटी एक फॉर्म आला: "आपल्या कार्यकाळातील महत्त्वाचे ज्ञान व अनुभव येथे नमूद करावेत." खाली चार ओळी. सदतीस वर्षांना चार ओळी. मी लिहिलं, "सर्व सहकाऱ्यांचे आभार."

आता दुसरी बाजू पाहा. माझ्या शरीरानं या सदतीस वर्षांत घेतलेल्या किरणोत्साराच्या डोसची नोंद दर महिन्याची आहे. ट्रिटियमसाठी (हा किरणोत्सारी हायड्रोजन) दिलेल्या लघवीच्या नमुन्यांचीही आहे, आणि ते नमुने किती दिले याची गणती मी कधीच सोडून दिली. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा, पाच वर्षांची बेरीज, एखाद्या वर्षी ३० च्या वर नाही, सगळं चोख. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ही नोंद मी ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यानंतर निदान ३० वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणजे मी गेल्यावरही माझा डोस कुठल्या तरी कपाटात शाबूत असेल. या धंद्यानं माझ्या हाडामांसाचा हिशेब एवढ्या आस्थेनं ठेवला याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण त्याच माणसाला काय ठाऊक होतं, याच्या नोंदीची वेळ आली तेव्हा चार ओळी पुरल्या.

मला काय ठाऊक होतं, ते थोडं सांगतो. नाही तर म्हाताऱ्याला उगाच मोठेपणा हवाय, असं वाटायचं.

नोकरीला लागलो तेव्हा पहिलं वर्ष वर्गात गेलं. तिथं एक आकडा शिकवला, तो आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. युरेनियम-२३५ च्या विखंडनातून निघणारे जवळजवळ सगळे न्यूट्रॉन त्याच क्षणी निघतात, सुमारे ०.६५ टक्के तेवढे मागाहून येतात, काही सेकंदांनी, काही तर मिनिटाभरानं. या रेंगाळणाऱ्या मूठभरांमुळेच भट्टीची शक्ती माणसाला झेपेल अशा वेगानं वरखाली होते. ते नसते तर कुठलाही ऑपरेटर तिला हाकू शकला नसता. पुढे पाळीप्रमुख झाल्यावर उशिरा येणाऱ्यांवर मी फार चिडायचो, तेव्हा पोरं मला या ०.६५ टक्क्यांची आठवण करून द्यायची.

दुसरा आकडा मात्र वर्गात कळला नाही, कंट्रोल रूममध्ये कळला. पहिल्यांदा पूर्ण शक्तीवरून ट्रिप झालेली पाहिली तेव्हा मला वाटलं, झालं, भट्टी बंद. शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी पॅनेलवरून नजर न हटवता म्हटलं, "बंद झाली, थांबली नाही." साखळी क्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेली द्रव्यं क्षय पावत राहतात आणि तापत राहतात. बंद केल्या केल्या मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभरानं दीडेक टक्का, दिवसानंतर अर्धा टक्का. साडेसातशे मेगावॅट उष्णता देणारी भट्टी असेल तर बंद केल्यानंतरच्या पहिल्या क्षणांना चाळीस-पन्नास मेगावॅट. तेवढी उष्णता नेऊन टाकायला पाणी फिरतं राहिलंच पाहिजे. अणुभट्टीवरचं सगळं शहाणपण बघायला गेलं तर या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि मोठे अपघातही बहुतेक हिच्याभोवतीच.

बाकी नोकरी कंटाळवाणी होती. कंटाळवाणी हा आमच्याकडे कौतुकाचा शब्द आहे. लॉगबुकात लिहिण्यासारखं काही घडलं नाही ती पाळी उत्तम. आठ तास आकडे वाचायचे, फेऱ्या मारायच्या, पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवून पाहायचं, हँडओव्हरला पुढच्याला सांगायचं. आउटेजमध्ये कंटाळ्याची भरपाई व्हायची: प्लास्टिकचा सूट, हवेची नळी, घामानं निथळणारे हातमोजे, आणि काम तीन मिनिटांचं असेल तर त्याची तालीम बाहेर नकली पाइपावर तीन दिवस. जड पाण्याच्या भट्टीवर काम केलेल्याला गळतीचा वेगळाच राग असतो. इतकं महाग आणि ट्रिटियम मुरलेलं पाणी, त्याचा थेंबन् थेंब टिपून परत आणायचा.

या सगळ्यातून माणसाच्या अंगात जे मुरतं त्यातलं निम्मं कार्यपद्धतीच्या पुस्तकात आहे. उरलेलं निम्मं म्हणजे "का". ते हरवलं की काय होतं, हे पाहायला माझ्या व्हॉल्व्हपर्यंत यायची गरज नाही.

११ मार्च २०११ ची फुकुशिमा दाइइचीची पहिली भट्टी घ्या. चाळीस वर्षांची जुनी. तिला आयसोलेशन कंडेन्सर नावाची सुरेख सोय होती. भट्टीच्या वरच्या अंगाला पाण्याच्या मोठ्या टाक्या, भट्टीतली वाफ नळ्यांतून त्या पाण्यात जाते, थंड होऊन पाणी बनते आणि आपल्याच वजनानं परत खाली येते. पंप लागत नाही. टाकीतल्या पाण्याची वाफ होते ती इमारतीच्या भिंतीतल्या दोन भोकांतून बाहेर पडते; तिथली माणसं त्या भोकांना डुकराचं नाक म्हणत. त्सुनामीचं पाणी शिरलं, सगळी वीज गेली, बॅटऱ्याही गेल्या, पॅनेलवरचे दिवे विझले. कंडेन्सर चालू आहे की नाही हे सांगणारं आत काहीच उरलं नाही. मग बाहेर जाऊन डुकराच्या नाकातून वाफ येते का, एवढंच पाहायचं उरलं.

आणि इथे मला वाचताना थांबावं लागलं. सरकारी चौकशी समितीच्या अहवालात म्हटलंय की त्या पाळीतल्या एकानंही तो कंडेन्सर प्रत्यक्ष चालवलेला नव्हता. काहींनी जुन्या लोकांकडून ऐकलं मात्र होतं, की तो चालला की वाफ धडधडत, गर्जना करत आडवी बाहेर पडते. त्या संध्याकाळी वाफ दिसली ती अगदी विरळ. ज्यानं एकदा तरी तो आवाज कानानं ऐकला असेल त्यानं तत्काळ सांगितलं असतं की हे चालू नाही. पण आपत्कालीन कक्षात रात्री उशिरापर्यंत तो चालू आहे असंच धरून चालले होते. वीज जाताना त्याचे व्हॉल्व्ह आपोआप मिटले होते. भट्टीतला इंधनाचा गाभा तोवर वितळू लागला होता.

त्या ऑपरेटरांना दोष देण्याची माझी छाती नाही. काळ्या अंधारात, टॉर्चच्या उजेडात, घरच्यांचं काय झालं हे माहीत नसताना ते तिथं उभे राहिले. मी विचार करतो त्या जुन्या लोकांचा, ज्यांनी ती गर्जना ऐकली होती. ती त्यांनी गप्पांमध्ये सांगितली असेल, जेवताना सांगितली असेल. ती कुणी सिम्युलेटरवर ऐकवली नाही, कुठे टेपवर घेतली नाही, "वाफ एवढी जोरात नसेल तर कंडेन्सर बंद समजा" असं एक वाक्य कार्यपद्धतीत घातलं नाही.

त्याच त्सुनामीत ओनागावाचं केंद्र वाचलं, भूकंपाच्या केंद्राला ते जास्त जवळ असूनसुद्धा. तिथली जमीन समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचीवर घेतली होती. भूकंपानं ती मीटरभर खचली, लाट तेरा मीटरच्या आसपास आली, आणि थोडक्यात निभावलं. एवढी उंची कशाला, खर्च केवढा, असं केंद्राच्या आखणीच्या वेळी अनेकांचं म्हणणं होतं. हट्ट धरला तो यानोसुके हिराई यांनी. ते वीज कंपनीचं उपाध्यक्षपद कधीच सोडून गेले होते. सल्लागार समितीत बसून इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीची आठवण काढत राहिले. हिराई १९८६ साली वारले. लाट त्यांच्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. आखणीच्या वेळी पद सोडलेल्या माणसाला समितीत जागा होती, यात माझं सगळं पत्र आलं.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडचं उदाहरण तुम्हाला पाठ असेल, पण बहुधा त्याचा उत्तरार्धच. २८ मार्च १९७९, पहाटे चार. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला तो मिटलाच नाही. पॅनेलवरचा दिवा विझला होता, पण तो दिवा फक्त मिटण्याची आज्ञा गेली एवढंच सांगत होता. व्हॉल्व्ह खरोखर मिटला का ते सांगत नव्हता. प्रेशरायझरमधली, म्हणजे दाब राखणाऱ्या टाकीतली, पातळी वर जाताना दिसली, म्हणून पाणी जास्त झालं असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं, आणि दोन तासांहून जास्त वेळ भट्टी स्वतःचं पाणी गमावत राहिली. जवळजवळ निम्मा गाभा वितळला. पूर्वार्ध असा की याच्या अठरा महिने आधी, २४ सप्टेंबर १९७७ ला, त्याच बनावटीच्या डेव्हिस-बेस भट्टीत हुबेहूब हेच घडलं होतं. तिथंही व्हॉल्व्ह अडकला, तिथंही ऑपरेटरांनी पाणी कमी केलं. शक्ती नऊ टक्केच होती आणि वीसेक मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्यानं टिपण लिहिलं की ऑपरेटरांना हे सांगितलं पाहिजे, पाणी इतक्यात कमी करू नका. ते टिपण कंपनीच्या आतच या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. पहाटे चार वाजता पॅनेलसमोर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचलं नाही. चेर्नोबिलबद्दल एवढंच लिहितो की नियंत्रक कांड्या वरून खाली सोडताना पहिल्या क्षणांत शक्ती घटण्याऐवजी वाढू शकते, हे १९८३ साली लिथुआनियातल्या, त्याच जातीच्या इग्नालिना भट्टीच्या चाचण्यांत दिसलं होतं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री ज्यानं ते बटण दाबलं त्याला ते ठाऊक नव्हतं.

आपल्याकडेही ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि केंद्र सतरा तास विजेविना राहिलं. कंट्रोल रूम धुरानं भरली, माणसांना बाहेर पडावं लागलं. त्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनकांत पाणी घातलं, टॉर्च घेऊन वर चढले आणि भट्टीत न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन सोडण्याची सोय हातानं चालू केली. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जिन्याच्या मागे आहे हे अंधारात पायांना ठाऊक असावं लागतं. ते ज्यांच्या पायांना ठाऊक होतं त्यांतल्या बहुतेकांची निवृत्तीही आता होऊन गेली.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. "आमच्याकडे नॉलेज मॅनेजमेंटचं पोर्टल आहे." आहे. त्यात मी शोधलं होतं. माझ्या त्या लाइनचं नाव टाकल्यावर एकशे चाळीस कागद आले, सगळ्यांत "काय", कशातही "का" नाही. तुमचं दुसरं उत्तर असं असेल की म्हाताऱ्यांच्या सगळ्याच सांगण्यात अर्थ नसतो, आणि हे मात्र मला सोळा आणे पटतं. आमच्या एका वरिष्ठांनी मला शिकवलं होतं की अमुक एका मीटरवर टिचकी मारल्याशिवाय वाचन घ्यायचं नाही. मी पंधरा वर्षं टिचक्या मारल्या, पुढे ती इतरांनाही शिकवली. मग एकदा इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरीनं सांगितलं की जुना मीटर चिकटायचा, तो मी रुजू होण्याआधीच बदललाय. आम्ही नव्या मीटरला टिचक्या मारत होतो. आणखी एक कबुली: आमच्यातले काही जण "का" मुद्दामच सांगत नाहीत. आपल्यावाचून अडलं पाहिजे, ही हौस कुणाला नसते?

शिवाय काही "का" कुणालाच ठाऊक नसतात. अमेरिकेत एका अण्वस्त्राच्या नूतनीकरणासाठी फॉगबँक नावाचा पदार्थ पुन्हा बनवायचा होता. जुना कारखाना मोडलेला, बनवणारे निवृत्त, नोंदी अपुऱ्या. नव्यानं बनवला तर तो जमेना. बऱ्याच वर्षांनी कळलं की जुन्या प्रक्रियेत एक अशुद्धी आपोआप मिसळायची आणि तीच गरजेची होती. नव्या प्रक्रियेत शुद्धता सुधारली होती. जुन्या कामगारांना विचारलं असतं तरी त्यांना हे सांगता आलं नसतं, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. हे वाचून मी थोडा नरमलो. तरी त्यांच्यापैकी कुणाला उभं करून, "दाखव बरं कसं करायचास" असं म्हटलं असतं, तर निदान कच्चा माल कुठून यायचा हे तरी निघालं असतं, असं मला वाटत राहतं.

याच्या उलटही घडतं. अमेरिकेतल्या हॅनफर्डची बी रिॲक्टर, सप्टेंबर १९४४. भौतिकशास्त्रज्ञांच्या गणितानं इंधनाच्या दीडेक हजार नळ्या पुरे होत्या. बांधणाऱ्या ड्यूपाँटच्या अभियंत्यांनी २००४ ठेवल्या. शास्त्रज्ञ त्यांच्या या सावधपणावर वैतागले होते. भट्टी सुरू झाली, काही तासांनी आपोआप मंदावत विझली, आणि नंतर आपोआप जागी झाली. झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळत होता. त्याचा अर्धायुकाल नऊ तासांच्या आसपास, म्हणून तो ओसरला की भट्टीत पुन्हा जीव. उपाय एकच, जास्त इंधन. जागा होती, कारण कुणी तरी गणितात न बसणारी पाचशे भोकं पाडून ठेवली होती. आता कल्पना करा, चाळीस वर्षांनी एखाद्या काटकसरी समितीनं अशाच एखाद्या जास्तीच्या गोष्टीवर बोट ठेवलं, आणि ती का ठेवली होती हे सांगणारा कुणी उरला नाही. अशा समित्यांत मीही बसलोय. दोन गोष्टी मी स्वतः "अनावश्यक" म्हणून काढल्यात. त्यातली एक खरंच अनावश्यक होती याची मला आजही खात्री नाही.

तर मागणी काय? माणूस निवृत्त होण्याच्या एक वर्ष आधी त्याच्याबरोबर एक तरुण अभियंता जोडून द्या. बैठकीच्या खोलीत बसवू नका. तिथं आम्ही भाषणं करतो आणि प्रत्येक गोष्टीत आम्हीच नायक असतो. त्या दोघांना प्लांटमध्ये फिरू द्या. आठवण जागेला चिकटलेली असते. त्या मुलानं नेमका तो व्हॉल्व्ह विचारला नसता तर मला त्या रात्रीचा ठोका आठवला नसता. तरुणानं प्रत्येक विचित्र गोष्टीपाशी थांबून विचारायचं: हा टॅग का, ही खूण कुणी केली, हा व्हॉल्व्ह असा का. उत्तर "माहीत नाही" आलं तर तेही लिहायचं, कारण मग ते शोधता येतं. जे सांगितलं ते खरं मानून चालायचं नाही. ड्रॉइंगशी, गणिताशी, सिम्युलेटरशी ताडायचं, म्हणजे टिचक्या गळून पडतील आणि ठोके राहतील. आणि हे काम मनुष्यबळ विभागाकडे देऊ नका, त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो. त्यांना चार ओळी पुरतात.

लॉगबुकात आणि प्रत्येक फेरबदलाच्या कागदावर "कारण" असा एक रकाना घाला आणि तो रिकामा असेल तर पाळीप्रमुखानं सही करू नये असा नियम करा. "वरिष्ठांच्या सूचनेनुसार" हे कारण धरू नका. पहिले सहा महिने लोक वैतागतील, रकान्यात काहीबाही लिहितील. मीही लिहिलं असतं. पण त्या रात्री असा रकाना असता तर मी चहाला जाण्याआधी "आधार खचलाय, झोळात पाणी साचतं" एवढे पाच शब्द लिहिलेच असते. आणि ते लिहिले असते तर कदाचित आधारही दुरुस्त झाला असता, कारण कारण लिहिलं की ते कुणाच्या तरी नावानं कामाच्या यादीत जातं.

निवृत्तांना वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर बोलवा, तेही रात्रपाळीला, दिवसा नको. पहाटे चारला माणसाचं डोकं कसं चालतं हे दिवसा कळत नाही. मानधन नको असं मी म्हणणार नाही. फुकटात मिळालेलं कुणी लिहून घेत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि आम्हाला बोलावलंत की आमच्या गोष्टी अर्ध्यावर तोडायचा अधिकार त्या तरुणांना द्या. "सर, ते राहू दे, आधी तो व्हॉल्व्ह का उघडा होता ते सांगा," असं म्हणणारा एखादा जरी भेटला असता तर मी नोकरीतच असताना ते सांगून टाकलं असतं.

त्या रात्री फोनवर मी त्या मुलाला सगळं सांगितलं: आधार, झोळ, ट्रॅप चढावर असणं. तो लिहून घेत होता, कागदाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "सर, आणखी असं काय काय आहे?" मी म्हटलं, "असं आठवत नाही रे. तू कुठं तरी उभा राहून विचार." तो हसला. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा त्याचा फोन येतो, कुठल्या तरी पाइपाखाली उभं राहून केलेला. हे नियमात बसतं की नाही मला माहीत नाही, म्हणून त्याचं नाव सांगणार नाही. नियमात बसवणं तुमच्या हातात आहे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पाळीप्रमुख

ता. क. आधार अजून दुरुस्त झालेला नाही, पुढच्या आउटेजमध्ये होईल म्हणतात. तोवर तो व्हॉल्व्ह पुन्हा पाव फेरा उघडा आहे आणि त्याला आता चांगली पत्र्याची पाटी लावलीय. पाटीवर काय लिहिलंय, असं मी परवा विचारलं. "बंद करू नये," एवढंच आहे म्हणे.